पंचनाम्यात ‘शॉर्टसर्किट’ लिहिण्यापूर्वी

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील तहसीलदार, पोलीस ठाण्यांचे प्रभारी अधिकारी, नगरपरिषदांचे अग्निशमन अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी, पोलीस पाटील आणि महावितरणचे शाखा अभियंते यांस,

स. न. वि. वि.

फेब्रुवारी उजाडला की कोकणात आगीच्या बातम्या सुरू होतात. आंब्याची बाग, काजूची बाग, गवताची उडवी, गोठा, एखादे बंद घर, बंदरातली नौका. जळालेली वस्तू दरवेळी वेगळी, कारण मात्र ठरलेले: ‘प्राथमिक अंदाजानुसार शॉर्टसर्किट’. या प्राथमिक अंदाजाची पुढे कधी तपासणी होत नाही. तोच पंचनाम्यात उतरतो, तोच विमा कंपनीकडे जातो आणि फाइल बंद होते. शब्द सगळ्यांच्याच सोयीचा आहे. घरमालकाला कोणाशी वैर घ्यावे लागत नाही, पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागत नाही, महावितरणला ‘मीटरच्या पुढची जबाबदारी ग्राहकाची’ म्हणून मोकळे होता येते. फक्त खरे कारण जिथल्या तिथे राहते आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीत पुन्हा उभे राहते.

आगीचा तपास, वीजजोडणी आणि विम्याची पाहणी या कामांत असलेल्या आम्ही काही जणांनी हे पत्र लिहिले आहे. नवा निधी किंवा नवी यंत्रणा आम्ही मागत नाही. पंचनाम्याचा क्रम बदला एवढेच मागणे आहे: आग कुठे सुरू झाली ते आधी, कशामुळे ते नंतर. उगमाची जागा ठरली नसताना कारण लिहिणे म्हणजे आरोपी ठरवून मग गुन्ह्याची जागा शोधायला निघणे.

अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षेचे मानदंड ठरवणाऱ्या संस्थेची आगीच्या तपासाबद्दलची ‘९२१’ क्रमांकाची मार्गदर्शिका १९९२ मध्ये पहिल्यांदा निघाली. आज अनेक देशांतले तपासणीस तिच्या चौकटीत काम करतात. तिच्या मांडणीत कारण सांगायचे तर तीन गोष्टी सांगाव्या लागतात. सगळ्यात आधी काय पेटले, ते पेटवायला पुरेशी उष्णता कशातून आली, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र कशा आल्या. ‘शॉर्टसर्किट’ हे यातल्या मधल्या प्रश्नाचे फार तर अर्धे उत्तर झाले. कुठल्या वायरचे, कुठल्या जागी, आणि त्या ठिणगीने पहिल्यांदा काय धरले? माळ्यावरचा पेंढा की फ्रीजमागचा पडदा? हे लिहिता येत नसेल तर कारण अजून सापडलेले नाही.

जळालेल्या घरात तांब्याच्या वायरच्या टोकाला मणी सापडला की ‘हा बघा शॉर्ट’ म्हणून फोटो निघतो. फोटो जरूर काढा, अर्थ मात्र जपून लावा. आग भलत्याच कारणाने लागली आणि चालू वायरपर्यंत पोचली तरी आधी पीव्हीसीचे आवरण जळते, फेज आणि न्यूट्रल एकमेकांना टेकतात, ठिणगी उडते आणि अगदी असाच मणी तयार होतो. म्हणजे मणी एवढेच सांगतो की आग तिथे आली तेव्हा वायरमध्ये वीज होती. आग लावणारा मणी कोणता आणि आगीत तयार झालेला कोणता, हे खात्रीने वेगळे करणारी पद्धत प्रयोगशाळेतही नाही.

त्याआधी हा मणी ठिणगीचा आहे की नुसत्या उष्णतेने वितळलेल्या तांब्याचा, तेही पाहावे लागते. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. ठिणगीचे काम अगदी थोड्या जागेत होते: वितळलेला आणि न वितळलेला भाग यांच्यात स्पष्ट रेघ असते, रेघेपलीकडची वायर गोल आणि मूळच्या जाडीची असते आणि समोरच्या वायरवर जोडीची खूण मिळते. उष्णतेने वितळलेली तार ओघळत जाते, लांबवर कुठे बारीक कुठे जाड होते. तिसरा घोळ ॲल्युमिनियमचा. ते ६६० अंशांनाच वितळते आणि त्याचे थेंब तांब्यावर पडले की दोन्हींचा मिश्रधातू होऊन तांबे आपल्या वितळणबिंदूच्या कितीतरी खाली विरघळते. टोक ठिसूळ आणि चंदेरी दिसत असेल तर ती ठिणगी समजू नका; वर ॲल्युमिनियमचे काय होते ते बघा.

मण्यांचा खरा उपयोग उगम शोधायला होतो. एका सर्किटवर ठिणगीच्या जेवढ्या खुणा सापडतील तेवढ्या घराच्या आराखड्यावर मांडा. वायर एका जागी तुटली की तिच्या पुढची वीज जाते आणि तिथे नंतर ठिणगी उडू शकत नाही. त्यामुळे मेन स्विचपासून सर्वांत दूरची खूण बहुतेक वेळा त्या सर्किटवरची सर्वांत आधीची असते. ‘बहुतेक वेळा’ म्हणण्याचे कारण असे की ठिणगी उडूनही वायर तुटत नाही, फ्यूजही जात नाही, असे घडते. म्हणून एकट्या या आराखड्यावर निकाल देऊ नये. कटआउटमध्ये, म्हणजे फ्यूज बसवायच्या डबीत, फ्यूजच्या तारेऐवजी जाड तांब्याची वायर भरलेली सापडली तर ते आवर्जून लिहा. तशा घरात बिघाड झाल्यावरही वीज चालूच राहिलेली असते.

विजेनेच आग लागली असेल तर आपल्या किनाऱ्यावर पहिला संशय ढिल्या सांध्याचा घ्यावा असे आमचे मत आहे. खाऱ्या हवेने पितळी स्क्रू हिरवे पडतात, तांबे आणि ॲल्युमिनियम नुसता पीळ मारून जोडलेले असेल तिथे गंज लवकर धरतो, सांध्याचा रोध वाढतो. ०.२ ओहम रोधातून १० अँपिअर गेले तर २० वॅट उष्णता निर्माण होते. आकडा किरकोळ वाटेल, पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातली सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते. इथे जवळजवळ तेवढीच इस्त्री लाकडी बोर्डाच्या आत, नखाएवढ्या जागेत, गिझर किंवा पंप चालू असेपर्यंत टेकवून ठेवलेली असते. या सगळ्यात करंट वाढत नाही. एमसीबीला, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणाऱ्या कळीला, तेच १० अँपिअर दिसतात, ती पडत नाही. गळती झाली की वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीही पडत नाही, कारण जमिनीकडे गळती नाही. म्हणून ‘एमसीबी पडली नव्हती, सबब विजेचा दोष नाही’ हे वाक्य चूक आहे. ‘एमसीबी पडली होती, सबब विजेनेच आग लागली’ हेही तितकेच चूक, कारण आग वायरपर्यंत पोचल्यावरही ती पडू शकते. ढिल्या सांध्याची खूण टर्मिनलवर आगीनंतरही टिकते: एकाच स्क्रूचे आटे खाल्लेले, त्याच्याजवळची पट्टी खड्डे पडून झिजलेली आणि शेजारच्या दोन जोडण्या मात्र बऱ्या. तेवढ्यासाठी बोर्डाचे तुकडे केरात जाता कामा नयेत.

दुसरा संशय तुटलेल्या न्यूट्रलचा. जूनच्या पहिल्या वाऱ्यात फांदी पडली किंवा डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) झंपर, म्हणजे जोडतार, सुटला, न्यूट्रल गेला, की त्या डीपीवरच्या घरांत २३० व्होल्ट राहत नाहीत. कोणाकडे दिवे मिणमिणतात, कोणाकडे व्होल्टेज ३०० च्या वर जाते, वाईट परिस्थितीत ४०० च्या आसपास. फ्रीज, टीव्ही, रात्रभर लावून ठेवलेला चार्जर, कुठूनही आग सुरू होऊ शकते. हे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. त्याच डीपीवरच्या चार-पाच घरांत जाऊन विचारायचे: दिवे एकदम उजळले का, पंखा भलताच जोरात फिरला का, काय काय जळाले, किती वाजता. पंचनाम्यात हा प्रश्न क्वचितच विचारलेला दिसतो.

महावितरणच्या मंडळींना एक विनंती. आग लागल्यावर वायरमन पोलवरून सर्व्हिस वायर तोडतो, ते करायलाच हवे. तोडण्यापूर्वी, जिवाला धोका नसेल तर, मोबाइलवर चार फोटो घ्या: डीपीवरचा कोणता फ्यूज गेला, डीओ (गेला की खाली लोंबणारा ड्रॉप-आउट फ्यूज) उडाला की जागेवर आहे, न्यूट्रलचा झंपर, पोलवरचा सांधा. कापलेल्या टोकाला रंगीत चिकटपट्टी लावा, म्हणजे कापून तुटलेले आणि जळून तुटलेले यांत घोळ होणार नाही. उपकेंद्रातली फीडर ट्रिप झाल्याची नोंद वेळेसह पंचनाम्याला जोडा. इलेक्ट्रॉनिक मीटर शाबूत असेल तर त्यातून वीज गेल्याची वेळ मिळू शकते. तो उचलून भंगारात टाकू नका. आणि विद्युत अधिनियम २००३ चे कलम १६१ माणसापुरते नाही. विजेच्या अपघाताने गोठ्यातली म्हैस दगावली तरी विद्युत निरीक्षकांना कळवणे बंधनकारक आहे.

आता घर. आपले जुने घर म्हणजे चिऱ्याच्या भिंती, वर वासे-रीपा, मंगळुरी कौले आणि मधे माळा. माळ्यावर पेंढा, नारळाची सोडणे, सरपण, जुनी कागदपत्रे. अशा घरात आग खाली लागली तरी सर्वांत मोठी वर दिसते, आणि पेटते वासे कोसळून खाली नव्या ठिकाणी आग लावतात. जमिनीवर सर्वांत जास्त जळलेला कोपरा म्हणजे उगम, हा हिशेब इथे हमखास फसतो. त्याऐवजी थर वाचा. जमिनीवरच्या पेटीवर थेट फुटकी कौले पडली आहेत आणि कौलांखाली पेटीचा रंग शाबूत आहे, तर छप्पर आधी कोसळले आणि पेटीपर्यंत आग पोचलीच नव्हती किंवा नंतर आली. कौलांखाली राख आणि राखेखाली कोळसा झालेली पेटी असेल तर छप्पर पडण्याआधीच तिथे आग होती. अर्ध्या तासाच्या वादावादीने जे कळत नाही ते चार कौले हाताने उचलल्यावर कळते. जेसीबी आत गेला की हा पुरावा गेला. म्हणून ढिगारा उपसायचा तो वरून खाली, थराथराने, प्रत्येक थराचा फोटो काढून. संशयित जागेची राख वाळू चाळायच्या बारीक जाळीतून काढा. स्विचचा तुकडा, गॅसच्या शेगडीची चावी, कुलपाचा खिळा असल्या वस्तू त्यातूनच मिळतात.

भिंतीवर खाली निमुळती आणि वर पसरत गेलेली खूण मिळाली तर तिथे खाली काहीतरी जळत होते हे नक्की. ते पहिले होते की पाचवे, हे त्या खुणेवरून कळत नाही. काजळी पूर्ण जळून चुना पांढरा उघडा पडलेला पट्टा म्हणजे तिथे उष्णता तीव्र होती. चिऱ्यातला पिवळट भाग ३०० अंशांच्या आसपास तापला की तांबूस होतो, तोही उष्णतेचाच दाखला. पण तीव्र उष्णता आणि उगम एकाच जागी असतीलच असे नाही. बंद खोलीत छताखालच्या धुराचे तापमान ६०० अंशांच्या घरात गेले की खोलीतल्या सगळ्या वस्तू जवळजवळ एकदम पेटतात. त्या भडक्यानंतर सर्वांत जास्त जळते ते जिथून हवा येते तिथे: दाराशी, खिडकीशी, कौल फुटलेल्या जागेखाली. २००५ मध्ये अमेरिकेत लास वेगासला तपासणिसांच्या प्रशिक्षणात दोन खोल्या पेटवून भडक्यानंतर साधारण दोन मिनिटांनी विझवल्या गेल्या. ५३ जणांनी प्रत्येक खोलीत आग कोणत्या चौथाईत सुरू झाली एवढेच सांगायचे होते. पहिल्या खोलीत ३ जणांचे उत्तर बरोबर आले, दुसऱ्या खोलीतही ३ जणांचेच. डोळे मिटून बोट ठेवले असते तरी चौथाई लोक बरोबर निघाले असते! म्हणजे जळण्याच्या खुणा फसव्या असतात असे नाही, त्या हवेसकट वाचायच्या असतात. प्रत्येक दार-खिडकी आगीच्या वेळी उघडी होती की बंद, ते लिहा. बंद दाराची चौकटीला टेकलेली कड जळण्यातून वाचते, उघड्याची वाचत नाही. कडी आतून होती की बाहेरून, तेही. आणि अग्निशमनच्या जवानांनी कोणते दार तोडले, पाणी कुठून मारले, हे त्यांनाच विचारून त्याच दिवशी नोंदवा.

काही समजुती मात्र सोडून द्याव्यात. काचेला बारीक जाळीदार तडे गेले म्हणजे पेट्रोल ओतले होते, असे मानत. प्रत्यक्षात ते तडे तापलेल्या काचेवर विझवण्याचे पाणी पडल्याने जातात. सिमेंटच्या जमिनीचे पापुद्रे निघणे, कोळशावर मोठे चकचकीत खवले दिसणे, जमिनीवर डबक्यासारखा जळका आकार, यांतले काहीही एकटे ज्वलनशील द्रव सिद्ध करत नाही. भडका झालेल्या खोलीत हे सगळे आपसूक होऊ शकते. अशा खुणांवर माणसे दोषी ठरली आहेत, म्हणून हे जरा जोर देऊन सांगतो.

त्याच्या शेजारची दुसरी चूक म्हणजे ‘दुसरे काही सापडले नाही, म्हणून हेच’. चूल विझलेली होती, दिवा नव्हता, विडी कोणी ओढत नाही, मग शॉर्टसर्किट. किंवा वीजच नव्हती, मग कोणीतरी लावली. ‘९२१’ च्या २०११ च्या आवृत्तीने ही पद्धत स्पष्ट शब्दांत नाकारली. एकेक शक्यता मांडायची ती खोडून काढण्यासाठी, आणि जी खोडता येत नाही तिच्या बाजूने काहीतरी हाताला लागणारे असावे लागते. देवघरातली पेटती वात उंदराने पळवली, ही कोकणातली जुनी शक्यता हसण्यावारी नेऊ नका. पण लिहायची असेल तर दिवा कुठे होता, तेल किती होते, तिथून पहिली पेटलेली वस्तू किती फुटांवर होती, हे मोजून लिहा.

बागेच्या आगीचा पंचनामा तर ‘अज्ञात इसमाने वणवा लावला’ किंवा ‘वीजतारांच्या घर्षणाने’ अशा एका वाक्यात आटोपतो. वास्तविक मोकळ्यावरची आग घरातल्या आगीपेक्षा जास्त खुणा ठेवते. आधी वेळ पक्की करा, कारण वेळेवरून वारा कळतो. किनाऱ्यालगत रात्री आणि सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे, ऊन तापल्यावर खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे. एकाच बागेत सकाळी सातला लागलेली आग आणि दुपारी दोनला लागलेली आग उलट दिशांना पळेल. त्यात उतार धरा: चढाच्या दर १० अंशांना आगीचा वेग साधारण दुप्पट, असा ठोकताळा आहे.

मग जळलेल्या क्षेत्राच्या कडेने पूर्ण फेरी मारून हळूहळू आत या. थेट मधे घुसलात तर पायांखालीच पुरावा जाईल. कलमाच्या बुंध्यावरचा काळेपणा सर्व बाजूंनी पाहा. वाऱ्याबरोबर धावत गेलेली आग बुंध्याच्या पलीकडच्या, म्हणजे ज्या दिशेला ती गेली त्या बाजूला जास्त उंच चढते. वाऱ्याविरुद्ध सरकलेल्या आगीचा काळेपणा जमिनीला जवळजवळ समांतर असतो. दगडाची आगीकडची बाजू डागाळते आणि पलीकडे त्याच्या आडोशाला गवत अर्धवट शिल्लक राहते. गवताची काडी सर्वांत बोलकी. हळू सरकणारी आग काडीला बुडाशी, आपल्या बाजूने खाते आणि काडी आग आली त्याच दिशेला पडते. वाकून पाहिले तर काळ्या जमिनीवर न जळलेली पिवळी टोके एका बाजूला तोंड करून आडवी पडलेली दिसतात. मात्र एका काडीवर विसंबू नये. वीस-पंचवीस ठिकाणी झेंड्या रोवा: धावलेल्या आगीला लाल, बाजूने पसरलेल्या आगीला पिवळी, मागे सरकलेल्या आगीला निळी. जिथे झेंड्यांचा एकमेकींशी मेळ बसेनासा होतो, खुणा लहान आणि गोंधळलेल्या होतात, तिथे उगम असतो, कारण सुरुवातीच्या लहान आगीला वारा-उताराने अजून दिशा दिलेली नसते. तेवढा तुकडा दोरीने आखून हातभर पट्ट्यांत, गुडघ्यांवर बसून तपासा. राखेवर लोहचुंबक फिरवायला विसरू नका.

तारा एकमेकींना लागल्याचा दावा असेल तर उगम तारांच्या खाली किंवा वाऱ्याच्या दिशेने थोडा पुढे यायला हवा. या तारा ॲल्युमिनियमच्या, आत पोलादी गाभा. वर समोरासमोरच्या दोन तारांवर वितळल्याचे डाग, खाली जमिनीत ॲल्युमिनियमचे बारीक गोळे आणि उपकेंद्रात त्याच वेळची ट्रिप, असे जुळले तर बागायतदाराचा भरपाईचा दावा कोणी सहज फेटाळू शकणार नाही. उगम तारांपासून लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला निघाला तर महावितरणवरचा आरोप तिथेच संपतो. दोघांच्याही भल्याचे आहे, तरी हे गोळे शोधायला कोणी वाकत नाही.

भाजावळीबद्दल, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याबद्दल, विचारताना सबुरी हवी. राबावर शेण, कवळं, पातेरा जाळला, वरून विझल्यासारखा दिसला, तरी शेण आत धुमसत राहते आणि दुसऱ्या दिवशी दुपारचा वारा सुटला की निखारा बांधापलीकडच्या गवतात जातो. म्हणून फक्त त्या दिवसाची चौकशी पुरत नाही, आधीच्या दोन-तीन दिवसांची करावी लागते. पहिल्याच वाक्यात ‘गुन्हा’ हा शब्द काढलात तर वाडीत कोणीही काही सांगणार नाही.

बंदरातल्या नौकेचा पुरावा समुद्र घेऊन जातो. ओहोटीला उघडी पडलेली जळकी नौका सहा तासांत पुन्हा पाण्याखाली असते. ती आधी ओढून घट्ट बांधा आणि पहिल्याच ओहोटीत इंजिनखण पाहा: एक्झॉस्टवरची गुंडाळणी, डिझेलच्या नळीचे जोड, बॅटरीपासून निघालेल्या पहिल्या वायरवर फ्यूज होता की नाही. ‘१२ व्होल्टने काय आग लागते’ असे ऐकू येते. बॅटरीचा शॉर्ट शेकडो अँपिअर देतो आणि वायर लाल होते. फायबर नौकेच्या दुरुस्तीच्या शेडला आग लागली असेल तर रेझिन घट्ट करायला वापरतात ते हार्डनर आणि कोबाल्ट यांचे डबे कुठे, कोणत्या क्रमाने वापरले ते विचारा. ही दोन रेझिनशिवाय थेट एकत्र आली तर स्फोटक प्रतिक्रिया होते.

‘सिलिंडर फुटला’ असे लिहिण्याआधी तो खरेच फाटला आहे की आगीत तापून त्याच्या व्हॉल्व्हमधून गॅस पेटत बाहेर गेला, ते पाहा. बहुतेक दुसरेच असते, आणि मग सिलिंडर आगीचा बळी ठरतो. रेग्युलेटरची चावी चालू की बंद, शेगडीच्या प्रत्येक बटणाची स्थिती, नळी कुठे तुटली, आणि सिलिंडरचे वजन. रिकामे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते, वजाबाकी करा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो हवेपेक्षा जड, खाली साचतो. हवेत साधारण २ टक्के झाला की पेटू शकतो.

गवताच्या उडवीबद्दल एकच. गवत ओलसर असताना, २० टक्क्यांहून जास्त ओलावा असताना, दाबून रचले तर ते स्वतःच तापते. आधी सूक्ष्मजीव ते ७० अंशांपर्यंत नेतात, पुढे रासायनिक प्रक्रिया, आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी आतून आग. गाभ्यात कोळसा आणि बाहेर कमी जळलेले गवत ही तिची खूण. मासळीच्या कुटीची रासही अशीच तापते.

ज्वलनशील द्रवाचा संशय असेल तर नमुना पहिल्या दिवशीच घ्या. नवा, कोरा पत्र्याचा डबा किंवा रुंद तोंडाची काचेची बरणी, घट्ट झाकणाची. साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून पेट्रोलची वाफ निघून जाते, शिवाय पिशवीतले घटक नमुन्यात मिसळतात. डबा दोन तृतीयांशच भरा, वर वाफेला जागा लागते. जमिनीच्या फटी, चौकटीखालचा भाग, कापडाची घडी, माती अशा शोषून घेणाऱ्या जागांतून घ्या. सर्वांत जास्त कोळसा झालेल्या जागेतून घेण्यात फारसा अर्थ नाही. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे. त्याच लाकडाचा किंवा सतरंजीचा न जळलेला तुकडा वेगळ्या डब्यात तुलनेसाठी द्या, नाहीतर प्लास्टिक आणि रंगाच्या जळण्यातून येणारी रसायने पेट्रोल म्हणून वाचली जातील. पाण्याच्या पंपात पेट्रोल भरण्याचे काम घटनास्थळापासून लांब करा. मातीतले जंतू पेट्रोल-रॉकेल खातात, म्हणून मातीचा नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत थंड ठेवावा लागतो. बर्फाची आपल्या बंदरांत तरी वानवा नाही. बरणी सीलबंद असली म्हणजे झाले.

पोलीस अधिकाऱ्यांसाठी कायद्याची एक बाजू. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आणि चित्रीकरण करणे अपेक्षित आहे. ते लागू करण्याची तारीख राज्याने पाच वर्षांच्या आत ठरवायची आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३२६(छ) मध्ये घर जाळण्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण ३२६(च) मध्ये शेतमालासह कोणत्याही मालमत्तेला आगीने नुकसान पोचवण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे हेतुपुरस्सर जाळलेली आंब्याची बागही तज्ज्ञ बोलावण्याच्या कक्षेत येते. तज्ज्ञ येईपर्यंत जागा राखणे मात्र स्थानिकांच्याच हातात. दोरी, एक माणूस आणि पावसाचे दिवस असतील तर ताडपत्री, एवढे पुरते.

शेवटी तहसीलदारांकडे. लोक ‘शॉर्टसर्किट’ लिहून घेण्याचा आग्रह धरतात त्यामागे भीती असते: कारण मोकळे राहिले तर मदत अडेल, विमा अडेल. म्हणून पंचनाम्याच्या नमुन्यात दोन वेगळे रकाने करा. पहिल्यात उगमाची जागा, आणि ती ठरवण्याचे आधार. दुसऱ्यात कारण, आणि तिथे ‘अनिश्चित’ हे मान्य उत्तर असेल. ‘अनिश्चित’ लिहिल्याच्या एकट्या कारणावरून मदतीचा प्रस्ताव मागे पाठवू नये, असे परिपत्रकात स्पष्ट म्हणा. दोन्ही रकान्यांचा मसुदा आम्ही तयार केला आहे. मागणी आली की पाठवू, आणि तालुक्याच्या ठिकाणी एक दिवस येऊन जळलेल्या एखाद्या गोठ्यावर तो भरून दाखवायचीही तयारी आहे.

कळावे,
आपले,
आगीचा तपास, वीजजोडणी व विमा पाहणी या क्षेत्रांत काम करणारे काही जण
रत्नागिरी